चौदा गाणी आणि एक नाही

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. माझ्या बाजूला, पायाशी, एक जादा ब्रेक असतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा तो दाबून मी लोकांचे प्राण वाचवते आणि मग त्यांच्यावर ओरडते. स्वभाव गोड नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको.

या ओरडण्याच्या जोडीने मी एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे. बँडचं नाव सांगत नाही. विशीत ठेवलेली नावं पंचेचाळिशीत मोठ्याने घ्यायची नसतात. आम्ही चौघं. माझी धाकटी बहीण गायची आणि बरीचशी गाणी तीच लिहायची. तिला घरात आणि बँडमध्येही सगळे धाकटीच म्हणतात. आता ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. गिटारवर दाढी. त्याने दाढी काढून नऊ वर्षं झाली, चष्म्याचं दुकान टाकलं, तरी नाव काही उतरलं नाही. बेसवर मास्तर. तो तेव्हा मास्तर नव्हता, नुसता तसा वागायचा. आता खरोखरच शाळेत गणित शिकवतो. रेडिओवर लागणाऱ्या गाण्यांत आमची गाणी कधी बसली नाहीत, पण ज्यांना आवडायची त्यांना फारच आवडायची. तीन अल्बम निघाले. मग अकरा वर्षं काहीच नाही.

ती अकरा वर्षं माझ्यामुळे गेली.

आमचा एक नियम होता. नवं गाणं कुणीही आणावं. बाकीच्यांपैकी एकाने जरी "नाही" म्हटलं तरी ते बाद. आणि कारण विचारायचं नाही. नियम मास्तरचा. त्याचं म्हणणं, कारणं सांगायला लागलं की भांडणं होतात आणि भांडणांनी बँड मोडतात. ऐकायला फार शहाणपणाचं वाटायचं. एका रविवारी धाकटीने एक गाणं आणलं, वेगवान, धावत सुटलेलं. मी म्हटलं, "नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, नियमाप्रमाणे काही विचारलं नाही, वही मिटली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी का नाही म्हटलं ते मला माहीत होतं. तुम्हालाही सांगणार आहे, पण आत्ता नाही. अजून थोडी लाज वाटते.

भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. आम्ही आईकडे भेटायचो. आईचे गुडघे, गळका नळ, धाकटीच्या मुलीची परीक्षा, सगळं बोलायचो. गाण्याबद्दल अवाक्षर नाही. जिच्याबरोबर एका पांघरुणात शिरून रेडिओ ऐकला, तिच्याशी मी पाहुणीशी बोलावं तशी बोलत होते. त्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी शिकायला येणाऱ्यांची काही खैर नसायची.

कोंडी फोडली दाढीने. चाळिशी कुणाला चुकत नाही. आम्हा दोघींना जवळची अक्षरं दिसेनाशी झाली ती एकाच महिन्यात. दोघीही एकमेकींना न सांगता दाढीच्या दुकानात गेलो, आणि त्या लबाडाने दोघींना एकच वेळ दिली. मी एक डोळा झाकून हातातल्या कार्डावरच्या बारीक ओळी वाचत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई, तिसरी ओळ राहिली."

"दिसतेय मला."

"दिसतेय तर चष्मा कशाला करतेस?"

असं ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मला इतका आनंद झाला की पुढची ओळ मी अजिबात न दिसता वाचून दाखवली. दाढी पाठमोरा उभा राहून एकच काच पाच मिनिटं पुसत होता. मग तसाच, न वळता म्हणाला, "रविवारी सकाळी काय करता गं तुम्ही दोघी?"

तालमीची जागा मास्तरच्या मेव्हण्याने दिली. त्याचं गाद्यांचं गोडाऊन आहे. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या रचलेल्या, प्लॅस्टिकचा कोरा वास, मधे चार माणसं मावतील एवढी मोकळी जागा. कितीही बडवा, रस्त्यावर हूं की चूं नाही. तोटा एकच: दुसऱ्या तासाला प्रत्येकाला आडवं व्हावंसं वाटायचं आणि आडवं व्हायची सोयही हाताशी असायची. आमचे तिन्ही अल्बम ज्यांनी रेकॉर्ड केले ते काका निवृत्त झाले होते. त्यांना फोन केला तर ते पुढच्याच रविवारी टेम्पोत मशीन घालून हजर.

पहिल्या दिवशी त्या नियमाबद्दल कुणी काही बोललं नाही. तो मोडलाही नाही, पाळायचंही ठरलं नाही. मास्तरने घसा साफ करून सांगितलं, "माझं एक गाणं आहे. नाही आवडलं तर..." आणि वाजवलं. नऊ मिनिटं. आधी सात ठोक्यांचं, मग अकरा ठोक्यांचं, मग, त्याच्या शब्दांत, "दोन्हींचा लसावि". संपलं. आणि मग आम्ही तिघं एकदम म्हणालो, "छान!"

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. दाढीने बायकोसाठी केलेलं वॉल्ट्झ, तीन ठोक्यांचं नाचाचं गाणं, आणलं. छान. त्यानेच दुकानातल्या काच घासायच्या यंत्राचा आवाज रेकॉर्ड करून त्यावर एक गाणं रचलं, ज्यात शब्द नव्हते आणि यंत्र मधेच बंद पडत होतं. छान. धाकटीच्या डॉक्टरांना ट्रॉम्बोन वाजवायचा नाद होता. त्यांनी आपल्या चार दोस्तांना कर्णे घेऊन आणलं आणि एका रविवारी धाकटीच्या गाण्यात, गाद्यांच्या मधे उभं राहून, असा काही संचलनी जोश केला की वरच्या दोन गाद्या खाली आल्या. छान, फारच छान. मी स्वतः दोन बोटांनी पियानो बडवत एक गाणं केलं, "हाफ क्लच" नावाचं. चढावर गाडी धरून ठेवावी तसं अडकून राहिलेलं. त्यात ड्रमच नव्हते. त्यालाही छान म्हणाले, मेले!

माझी अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कुणाच्या गाण्यात काय खटकतंय ते मला पहिल्या मिनिटात कळायचं. जीभ चावून गप्प राहायचे. कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: धाकटी परत आली आहे, ती आता जाता कामा नये. अल्बम चांगला होवो, वाईट होवो, निघो न निघो. मी एकदा नाही म्हटलं तर अकरा वर्षं गेली. दुसऱ्यांदा म्हटलं तर पुढची भेट एकदम आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनलाच. बाकीच्यांचंही तेच चाललं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. चौघंही जण एकमेकांना जपत होते आणि अल्बमचा पार चिवडा होत होता.

पाच महिन्यांत चौदा गाणी झाली. काकांनी हेडफोन काढले, डोळे चोळले आणि विचारलं, "ही सगळी एकाच बँडची आहेत ना?"

"हो."

"नाही, विचारून ठेवलेलं बरं."

अल्बम जुन्या पद्धतीच्या काळ्या तबकडीवर काढायचा, हे आमचं पहिल्यापासून ठरलं होतं. काकांनी त्या दिवशी आम्हाला समोर बसवून तिचं गणित सांगितलं. एका बाजूला बावीस मिनिटं. त्यापेक्षा जास्त भरलं तर आवाज पातळ होतो. दोन बाजू मिळून चव्वेचाळीस. आमची गाणी भरत होती एकसष्ट मिनिटांची.

"सतरा मिनिटं काढा," काका म्हणाले. "मी बाहेर चहा पिऊन येतो."

आता पंचाईत. मग मास्तर म्हणाला, "माझं नऊ मिनिटांचं काढा, निम्मं काम होईल."

"छे छे, ते तर छान आहे," दाढी म्हणाला. "माझं यंत्रवालं काढा."

"वेडा आहेस का! ते किती छान आहे!" मी म्हटलं. "माझं काढा."

"अजिबात नाही, छानच आहे ते," मास्तर म्हणाला.

दोन गाद्यांवर चार शहाणी माणसं बसली होती आणि प्रत्येक जण स्वतःचंच गाणं कापायला सुरी पुढे करत होता. अर्धा तास झाला, एक मिनिटसुद्धा कमी झालं नाही. धाकटीने गाण्यांची यादी आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "माझं कर्णेवालं काढा."

"अगं, नको," मी लगेच म्हटलं. "छान आहे ते."

ती वळून माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी मी तिची चित्रकलेची पेटी लपवली होती तेव्हा बघायची तशी.

"ताई, गाडी शिकवताना तू कुणाला कधी छान म्हणतेस का?"

"तिथे जिवाशी खेळ असतो."

"मग इथे माझ्याशी का असं बोलतेस? खरं सांग. ते गाणं चांगलं आहे की नाही?"

आयुष्यभराची सवय. समोर भिंत आली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मला थांबायचं होतं, पण ब्रेक दाबायच्या ऐवजी मी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं.

मास्तरने बेस उचलला आणि पेटीत ठेवून पेटीचे खटके लावले. त्याने ते मुद्दाम केलं नसावं, भीतीने झालं असेल. धाकटी उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. दाढीने चष्मा काढला. मी बसून राहिले आणि मनात म्हटलं, झालं. हात दाखवून अवलक्षण. आता परत आईचे गुडघे आणि गळका नळ.

मग मला माझाच राग आला. अकरा वर्षांपूर्वीही मी अशीच बसून राहिले होते. मी उठले.

मागच्या दाराशी ट्रकमध्ये माल चढवायला सिमेंटचा उतार केलेला आहे. त्यावर ऊन पडलं होतं आणि धाकटी तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गेली नव्हती. मला बघून म्हणाली, "किती वेळ लावलास. कारण सांग."

"कारण विचारायचं नाही असा..."

"खड्ड्यात गेला तो नियम. कारण सांग."

मग मी सांगितलं. एकदा सुटले ती सुटलेच. म्हटलं, पहिल्या कडव्यात तो माणूस दवाखान्याच्या बाकावर बसलाय, उपटलेला दात कागदात गुंडाळून खिशात ठेवलाय, आणि सारखा खिसा चाचपतोय. इतकं सुंदर लिहिलंयस की मी ठोका धरायचा विसरले. आणि तेवढ्यात ते पाच जण कर्णे घेऊन येतात आणि तीच गोष्ट ओरडून सांगतात. मग दुसऱ्या कडव्यात तू ती आम्हाला समजावूनही सांगतेस, आम्ही बिनडोक असल्यासारखी. तुला स्वतःच्या शब्दांचा भरवसा वाटला नाही म्हणून तू वाजंत्री बोलावलीस. पहिलं कडवं ठेव, बाकी फेकून दे, डॉक्टरांना सांग की तुमचा ट्रॉम्बोन फक्त शेवटी एकदा, हळू. हे सगळं मी हातवारे करत, साधारण चौथ्या गिअरमध्ये सांगितलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एक बाई थांबून ऐकायला लागल्या.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. ती रडतेय की हसतेय ते मला कळेना, आणि नवा चष्मा फक्त बारीक अक्षरांपुरता होता.

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली.

"तू जाशील म्हणून."

"मी 'नाही'मुळे नव्हते गेले गं! 'नाही' तर तू मला जन्मापासून म्हणतेयस. कारण कळलं नाही म्हणून गेले. घरी बसून एकेक ओळ तपासली, कुठे चुकलं कळेना. मग वाटलं, सगळंच चुकत असणार. आपल्याला लिहिताच येत नाही आणि ताईला ते सांगवत नाही. नंतर मी लिहिलंच नाही काही. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत एक ओळ नाही."

आता लाज बाजूला ठेवणं भाग होतं.

"त्या गाण्यात काही वाईट नव्हतं," मी म्हटलं. "तू ते आठवडाभर आधी आईकडे गुणगुणत होतीस. मी घरी जाऊन उशीवर वाजवून बघितलं. चार दिवस बघितलं. माझा हात मागे पडत होता. मला तो वेग येत नव्हता. आणि कुणी कारण विचारणार नव्हतं."

ती उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं?"

"हो."

"आणि मी ते अंगण अकरा वर्षं खणून काढलं?"

मी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, आणि मी तसं म्हटलंही: "मला फार वाईट वाटतंय. माफ कर." मी हे शब्द इतके कमी वापरते की ते उच्चारताना अडखळले.

"ते गाणं आता मला आठवतही नाही," ती म्हणाली. "चाल गेली, शब्द गेले, वहीसुद्धा गेली." मग म्हणाली, "मी तीन दिवस तुझ्याशी बोलणार नाहीये. बुधवारी संध्याकाळी फोन कर. पण आज खूप काम आहे, त्यामुळे आज बोलणार आहे. चल."

आत आलो तर मास्तर आणि दाढी दाराशेजारच्या गाद्यांना कान लावून उभे होते. गाद्यांमधून काही ऐकू आलेलं नव्हतं, त्यामुळे दोघांचे चेहरे पडले होते. धाकटीने दाराची कडी लावली आणि जाहीर केलं, "आजपासून नवीन नियम. कारणाशिवाय कुणी 'नाही' म्हणायचं नाही, कारणाशिवाय 'छान'ही म्हणायचं नाही. आणि स्वतःच्या गाण्याबद्दल तोंडच उघडायचं नाही."

मग जी भांडणं झाली म्हणता! मास्तरच्या नऊ मिनिटांवर मी तुटून पडले, तर दाढी मधे उभा राहिला. "सातव्या मिनिटाला तिथे जे होतं," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "तसं माझ्या आयुष्यात काही झालेलं नाही." म्हणून आम्ही सातव्या मिनिटापासून पुढचं ठेवलं. मास्तरला आधी राग आला, मग त्याने ते ऐकलं आणि कबूल केलं की आधीची सहा मिनिटं तो नुसता शिकवत होता. वॉल्ट्झ फार गोडगोड आहे असं मास्तर म्हणाला. धाकटी त्याच्यावर अशी धावली की तो गादीवर बसला. यंत्राच्या गाण्याच्या बाजूने कुणीच बोलेना. तेव्हा चहा पिऊन कधीच परत आलेले काका कोपऱ्यातून म्हणाले की ते मधे बंद पडतं ना, तिथे मला माझा जुना स्टुडिओ आठवतो, ते काढलंत तर मी मशीन घेऊन घरी जाईन. राहिलं. पाच छोटी गाणी मात्र गेली. त्यांच्यासाठी भांडायला कुणी उभंच राहिलं नाही आणि त्यांच्या धन्यांनाही हायसं वाटलं. दुपारी चारला, माझं "हाफ क्लच" धरून, बेरीज झाली त्रेचाळीस मिनिटं आणि काही सेकंद. गाणी अजूनही एकमेकांना ओळखही देत नव्हती: एक नाचतंय, एक मोजतंय, एक खिसा चाचपतंय. पण प्रत्येकासाठी दुसरं कुणीतरी घसा कोरडा करून भांडलं होतं. मला तो अल्बम त्या क्षणी मनापासून आवडला, आणि मी मोठ्याने सांगितलं, कारणांसकट.

राहता राहिलं माझं "हाफ क्लच". मास्तर आणि दाढी दोघांनीही ते ठेवायचंच असं सांगितलं होतं. मी खूश होते.

"नाही," धाकटी म्हणाली.

मला काय वाटलं सांगू? आधी संताप. मग त्या संतापाच्या खालून असा काही आनंद वर आला की तो लपवायला मला खोकावं लागलं. जन्मभरात ती मला पहिल्यांदा नाही म्हणत होती.

"कारण?" मी विचारलं.

"भित्रं आहे ते. चाल चांगली, शब्दही चांगले. पण ड्रम वाजवणारीने ड्रमशिवाय गाणं का केलं ते मला आज कळलं. वेग जमणार नाही म्हणून तू ड्रमच काढून टाकलेस. ड्रम घाल, नाहीतर गाणं काढ."

"तुला काय कळतं गं ड्रममधलं?"

"काही नाही. पण तू मला कळतेस."

मी जाऊन ड्रमच्या मागे बसले. दाढीने गिटार घेतली, मास्तरने पेटीचे खटके उघडून बेस काढला. काकांनी बोट वर केलं. मी ठोका धरला, हाताला झेपेल तेवढाच. चार ओळी झाल्यावर मास्तरने हात वर करून थांबवलं.

"जरा हळू होतंय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काठी बरोबर नाही, स्टूल उंच झालंय, गाद्यांमुळे आवाज दबतोय, असं म्हणता आलं असतं. तिन्ही कारणं जिभेवर तयार होती.

"हळूच आहे," मी म्हटलं. "मला याहून भरभर येत नाही."

एवढंच वाक्य. अकरा वर्षांपूर्वीही ते एवढंच लांब होतं.

धाकटीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मायक्रोफोन स्वतःच्या उंचीला खाली घेतला, वही उघडली आणि म्हणाली, "मग आम्ही येतो ना तुझ्या वेगाने. मोज."

मी चारपर्यंत मोजलं.